शंभर मिलिमीटर पुढे

एखादी वस्तू इथून तिथे कमीत कमी वेळात न्यायची आहे, आणि तिथे पोहोचल्यावर ती थांबलेली हवी. मोटरचा जोर ठरलेला. त्यापलीकडे ती ढकलू शकत नाही. मग काय करायचं? निम्म्या वाटेपर्यंत पूर्ण जोर, उरलेल्या वाटेत पूर्ण ब्रेक. दोन सिग्नलांच्या मधे पुण्यातले रिक्षावाले हेच करतात. त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं, आणि मागे बसलेल्याचं मत कुणी विचारलेलं नसतं.

हे उत्तर सिद्ध करता येतं, आणि त्या सिद्धतेच्या मी शिकत असताना प्रेमात पडलो. माझ्या पुढच्या बऱ्याच चुका तिथून सुरू झाल्या, पण त्यात सिद्धतेचा काही दोष नाही.

इंजिनिअर मंडळींना याचा अंदाज आधीपासून होता. १९५२ मध्ये प्रिन्स्टनला डोनाल्ड बुशॉ यांनी याच प्रश्नावर डॉक्टरेट केली. त्याच सुमाराला रशियात फेल्डबाउम यावर काम करत होते. मग १९५६ पासून लेव पोंत्र्यागिन आणि त्यांचे सहकारी बोल्त्यान्स्की व गाम्क्रेलिद्झे यांनी ‘मॅक्सिमम प्रिन्सिपल’ मांडलं आणि सगळा विषय एका छताखाली आला. या तत्त्वानुसार मोटरने कुठल्या दिशेला ढकलायचं, हे एका सहचर राशीच्या चिन्हावरून ठरतं. साध्या वस्तुमानासाठी ही राशी काळाबरोबर सरळ रेषेत बदलते. सरळ रेषा शून्याला फार तर एकदा ओलांडते, म्हणून जोराची दिशाही फार तर एकदाच पलटायची. किती अंतर उरलं असताना पलटायची, तेही एका ओळीत येतं: वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण. अंतर आणि वेगाच्या आलेखावर ही पॅराबोलाच्या आकाराची रेषा होते. तिच्या अलीकडे असेपर्यंत ढकला, ती लागली की उलटं ओढा. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या संगणकातही छोटे जेट कधी पेटवायचे आणि कधी विझवायचे हे ठरवायला अशाच रेषा होत्या. हे मी मुलाखतीत सांगितलं आणि मला नोकरी मिळाली.

नोकरी भोसरीतल्या एका लहान कंपनीत होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात. आम्ही लेथवर कास्टिंग चढवणारी गॅन्ट्री बनवत होतो. कन्व्हेयरवरून जॉब उचलायचा, ९०० मिलिमीटर आडवा न्यायचा, चकसमोर उभा करायचा. हलणारा भाग ४० किलोचा. मोटर आणि बेल्ट मिळून निव्वळ जोर १८० न्यूटन, म्हणजे त्वरण सेकंदाला सेकंदाला ४.५ मीटर. मी ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये ती पॅराबोला कोष्टक करून बसवली आणि चालू केली. स्लाइड सुटली, मधे पलटली आणि ०.८९ सेकंदात जागेवर पोहोचली. पुस्तकात लिहिलं होतं तसंच घडलं. इंजिनिअरच्या आयुष्यात हे क्वचित घडतं आणि घडलं की त्याचं नुकसान करतं.

जागेवर पोहोचली खरी, पण थांबली नाही. माझ्या नियमात ‘थोडंसं ढकल’ असं काही नव्हतंच: एक तर पूर्ण पुढे, नाही तर पूर्ण मागे. कंट्रोलर दर १० मिलिसेकंदांनी एकदा बघायचा. तेवढ्यात स्लाइडचा वेग सेकंदाला ४५ मिलिमीटरने बदललेला असायचा, आणि गिअरबॉक्सचा प्ले त्यात भर घालायचा. त्यामुळे दर वेळी स्लाइड ठिकाणाच्या किंचित पलीकडे सापडायची, मग उलटा पूर्ण जोर, मग पुन्हा. यंत्र उभं, आणि त्यातून सतत गुरगुर. शिवाय सर्व्हो मोटरचा कमाल जोर हा घटकाभरासाठीच असतो. आमची मोटर तो जोर देताना नेहमीच्या तिप्पट करंट घ्यायची. तिप्पट करंट म्हणजे नऊपट उष्णता. स्लाइड जागच्या जागी आणि मोटरला हात लावता येत नाही, अशी अवस्था होती.

पाहणीसाठी ग्राहकाचे प्रॉडक्शन मॅनेजर आले. वयाने मोठे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, “हा आवाज कसला?” मी सांगितलं की ही नावाजलेली गोष्ट आहे. केंब्रिजच्या फुलर यांनी दाखवून दिलंय की काही इष्टतम नियंत्रणांत मर्यादित वेळात अनंत वेळा स्विचिंग होतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त त्याचा आमच्या यंत्राशी संबंध नव्हता. फुलर यांच्या प्रश्नात वेळ कमी करायचा नसतो. ठिकाणापासून उरलेल्या अंतराच्या वर्गाची काळावरची बेरीज कमी करायची असते. माझ्या प्रश्नात तर एकदाच पलटणं हाच सिद्धांत होता. गुरगुर येत होती ती हळू सॅम्पलिंगची आणि ढिल्या गिअरबॉक्सची, आणि बोलताना मला ते माहीत होतं. मॅनेजर साहेबांनी मान डोलावली. पुढे त्यांचा ट्रायल रिपोर्ट माझ्या हाती आला. त्यात लिहिलं होतं: “थांबल्यावर आवाज येतो. उपाय विचारला. माहिती मिळाली.”

आवाजावर मी एक मलमपट्टी केली. ठिकाणापासून एक मिलिमीटरच्या आत आलं की मोटर बंद. गुरगुर थांबली आणि मला वाटलं, काम संपलं.

पाठवणीच्या आधी आमच्या साहेबांनी प्रोग्रॅम पाहिला. त्यांचं आयुष्य क्रेनच्या पॅनेलमध्ये गेलं होतं आणि पोंत्र्यागिन त्यांना ठाऊक नव्हते. ते म्हणाले, “ब्रेकला ऐंशी टक्केच धर. शंभर टक्के ब्रेक कुणाला कधी मिळत नाही.” मी एक गुणक घातला, ०.८. म्हणजे पलटण्याची रेषा काढताना त्वरण ४.५ ऐवजी ३.६ धरायचं आणि थोडं आधी पलटायचं. रिकाम्या गॅन्ट्रीचा वेळ ०.८९ वरून ०.९५ सेकंदावर गेला. पाच-सहा शतांश सेकंदांचा फरक, पण तो मला टोचत राहिला. संध्याकाळी शेडमध्ये मी आणि बेल्टचा ताण बघणारे फिटर एवढेच उरलो होतो. मी त्यांना विचारलं, “मॅक्सिमम प्रिन्सिपलमध्ये ०.८ कुठे आहे?” ते म्हणाले, “मला काय माहीत, साहेब.” मी तो आकडा १.० केला, नवीन चिप जाळली आणि साहेबांना सांगितलं नाही.

फिटरनी जाता जाता विचारलं, जॉब लावून एकदा बघायचं का? कास्टिंग ग्राहकाकडे होती. आणायची तर टेम्पो सांगावा लागला असता. मी म्हणालो, गरज नाही, फीडबॅक आहे ना.

माझी चूक नेमकी कुठे झाली असं कुणी विचारलं तर मी या वाक्यावर बोट ठेवतो. फीडबॅकमुळे यंत्राला आपण कुठे आहोत ते कळतं. नसलेला जोर त्यातून येत नाही.

ग्राहकाच्या शेडमध्ये पहिली कास्टिंग उचलली ती १० किलोची. हलणारं वजन आता ५० किलो, त्वरण ३.६. प्रोग्रॅम मात्र ४.५ धरूनच चालला होता. ४०० मिलिमीटर उरले असताना त्याने ब्रेक लावला. त्या वेगाला थांबायला ५०० मिलिमीटर लागणार होते. मी पॅनेलपाशी उभा होतो. ब्रेक लागल्याचं ऐकू आलं, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की हे जमणार नाही. ठिकाणाच्या पलीकडे ७५ मिलिमीटरवर रबरी बफर होता. स्लाइड त्यावर आदळली, जॉब ग्रिपरच्या जबड्यातून निसटला आणि लेथच्या बेडवरच्या कव्हरवर पडला. ऑपरेटर एक पाऊल मागे उभा होता. हे आमच्या नियोजनामुळे नव्हतं.

कव्हर आणि दुरुस्तीचा खर्च आमच्यावर आला. उरलेल्या यंत्रांची ऑर्डर रद्द झाली. पण मला जास्त आठवतं ते त्यानंतरचं. कंपनीत पहिला संशय बेल्टवर आला: बेल्ट ढिला राहिला असेल, म्हणून स्लाइड घसरली. बेल्ट फिटरनी लावला होता. मी काही दिवस गप्प बसलो. खोटं काही बोललो नाही. एका खऱ्या गोष्टीची वाच्यता केली नाही, एवढंच. शेवटी साहेबांनी प्रोग्रॅमचं लिस्टिंग मागवलं, त्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले, “इथे ०.८ होतं ना रे?” मी हो म्हणालो. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फिटर दिवाळीनंतर दुसरीकडे गेले. त्याचं कारण मी होतो असं म्हणता येत नाही, आणि नव्हतो असंही नाही.

मग घरी बसून मी ते गणित केलं जे आधी करायला हवं होतं. समजा बफर नसता. स्लाइड १०० मिलिमीटर पुढे जाऊन थांबली असती, मग उलट येऊन ११ मिलिमीटर मागे, मग सव्वा मिलिमीटर पुढे. प्रत्येक हेलकाव्याला आधीच्याच्या एक तृतीयांश वेळ. सगळं मिळून १.५८ सेकंद. त्या वजनाला इष्टतम वेळ होता बरोबर एक सेकंद. म्हणजे ‘सगळ्यात वेगवान’ म्हणून बसवलेला नियम दीडपटीहून जास्त वेळ घेत होता. आणि साहेबांचं ०.८ राहू दिलं असतं तर? ४.५ गुणिले ०.८ म्हणजे ३.६. जॉबसकट गॅन्ट्रीचं खरं त्वरण तेवढंच. ती एका सेकंदात, एकदाच पलटून, जागेवर उभी राहिली असती. ज्या आकड्याने इष्टतमता बिघडते म्हणून मी तो काढला, त्याच आकड्याने कामाच्या वेळी ती साधली असती.

यात एक लंगडेपणा आहे, जो मला पुस्तकात दिसला नव्हता. ब्रेक खऱ्यापेक्षा वीस टक्के कमी धरला तर वेळ सहा टक्के वाढतो. पंचवीस टक्के जास्त धरला तर अठ्ठावन्न टक्के वाढतो, वर लेथचं कव्हर. सिद्धांताला वजन माहीत असतं, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. मला वजन माहीत नव्हतं आणि तरीही पडला नाही.

यानंतर मी एकदम उलट दिशेला पलटलो. मधली स्थिती मला स्वभावतःच नसावी. पुढची काही वर्षं मी प्रत्येक यंत्र लांबलचक, गुळगुळीत वेगरेषांनी चालवलं. काही आदळलं नाही, काही तापलं नाही, आणि काहीच वेळेत झालं नाही. एका ग्राहकाने स्टॉपवॉच लावून दाखवलं की माझी स्लाइड तिला शक्य असलेल्या वेगाच्या निम्म्यानेही जात नाही. त्याने काम दुसऱ्याला दिलं. योग्यच केलं.

तेव्हा कुठे मी पुन्हा वाचायला बसलो. हार्ड डिस्कच्या हेडला हाच प्रश्न रोज अगणित वेळा सोडवायचा असतो: या ट्रॅकवरून त्या ट्रॅकवर झटक्यात जा आणि न थरथरता थांब. मायकेल वर्कमन यांनी १९८७ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात त्याची रीत मांडली होती. ती फ्रँकलिन आणि पॉवेल यांच्याबरोबरच्या त्यांच्या पुस्तकातही आहे. लांब असताना तीच पॅराबोला वापरायची, पण ब्रेकची ताकद एकापेक्षा लहान गुणकाने कमी धरून. ठिकाणाजवळ आलं की पूर्ण-पुढे-पूर्ण-मागे सोडून उरलेल्या अंतराच्या प्रमाणात हळुवार जोर द्यायचा. दोन्ही नियम असे जोडायचे की सांध्यावर धक्का बसू नये. माझ्या गुरगुरीचा इलाज आणि साहेबांचा गुणक, दोन्ही एकाच पानावर. हे सगळं माझ्या गॅन्ट्रीच्या आधी छापलेलं होतं.

इतकं झाल्यावर माणूस शहाणा होतो असं मला वाटलं होतं. पुढे एका स्टील यार्डातल्या क्रेनचं काम आलं. ट्रॉलीला नवीन ड्राइव्ह बसवायची. मी गुणक लावला, सांधे जुळवले, ट्रॉली सुंदर थांबायची. फक्त तिच्याखाली चार मीटर दोरावर पोलाद लटकत होतं, आणि ते थांबायचं नाही. चार मीटरच्या लंबकाचा एक झोका चार सेकंदांचा. मी लोडला ट्रॉलीवर स्क्रूने घट्ट बसवलेलं वजन समजलो होतो. दोलकाला कमीत कमी वेळात शांत कसं करायचं, हे साध्या वस्तुमानाच्या लगेच पुढच्या प्रकरणात असतं. आपल्या यंत्रांत स्प्रिंगा नसतात म्हणून ते मी विद्यार्थीदशेतच गाळलं होतं.

ऑपरेटरला झोका मारता येत होता. ट्रॉली थांबवायची, लोड पुढे झुकला की बटणाला एक टिचकी द्यायची. ट्रॉली लोडच्या डोक्यावर जाऊन उभी राहते आणि झोका मरतो. हेही स्विचिंगच, फक्त नेमक्या क्षणी केलेलं. मी मात्र वारंवार बटण दाबल्याने गिअरबॉक्स खराब होतो, या काळजीने एक सोय केली होती: एकदा थांबल्यावर काही सेकंद पुन्हा सुरूच होणार नाही. म्हणजे झोका मी निर्माण केला आणि तो मारायचं एकमेव साधनही मीच काढून घेतलं. तक्रार आली नाही. पुढच्या भेटीला गेलो तेव्हा माझ्या पॅनेलमध्ये दोन टर्मिनलांच्या मधे वायरचा एक तुकडा लावलेला दिसला. माझी सोय कायमची बायपास झाली होती. वायरिंग नीटनेटकं होतं.

पुढे मी त्वरणाचा काळ झोक्याच्या काळाइतका केला. एक पूर्ण झोका होईपर्यंत एकसारखं त्वरण दिलं तर शेवटी लोड सरळ लटकतो. दोर नऊ मीटर सोडला तर तो काळ सहा सेकंद होतो, म्हणून दोराची लांबीही मोजावी लागते. इष्टतमापेक्षा ही रीत हळू आहे. पण वायरचा तुकडा त्यांनी काढला.

शेवटची चूक अलीकडची, आणि तिला तारुण्याची सबब नाही. एव्हाना ०.८ हा माझा कुळाचार झाला होता. नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगायचो, ब्रेकला ऐंशी टक्के. खोके उचलून पॅलेटवर रचणाऱ्या एका यंत्राच्या उभ्या अक्षाचा प्रोग्रॅम आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअरने लिहिला. रिव्ह्यूमध्ये तिने विचारलं, “सर, हे ०.८ कशासाठी?” मी म्हणालो, “अनुभव.” तिने मान डोलावली. ही मान मी पूर्वी पाहिली होती.

त्या अक्षावर मोटर एकटी २० चं त्वरण देऊ शकत होती. वर जाताना थांबायचं तर गुरुत्वाकर्षण मदत करतं, ब्रेक ३० चा मिळतो. खाली येताना तेच विरोधात जातं आणि उरतात १०. माझ्या नियमाप्रमाणे दोन्हीकडे २० चे ऐंशी टक्के, म्हणजे १६ धरले होते. वर जाताना यंत्र विनाकारण हळू, आणि खाली येताना त्याला सहा कमी. पहिल्याच ट्रायलला ग्रिपर बिस्किटांच्या खोक्यात उतरला. पुढे बरेच दिवस आमच्या ऑफिसात चहाबरोबर चुरा होता.

साहेबांच्या ०.८ मागे काही तरी होतं: झिजलेली ब्रेक लायनिंग, दुपारी उतरणारं व्होल्टेज, लोडच्या चिठ्ठीवर न लिहिलेलं वजन. ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वर्कमन यांच्या गुणकामागे मोटरची ताकद नगानगाला बदलते हे होतं. माझ्या ०.८ मागे फक्त ते दोघं होते. आधी मी तो आकडा न विचारता काढला, नंतर न विचारता घातला. हिशेबात दोन्ही एकच.

आता आमच्या प्रोग्रॅममध्ये अशा प्रत्येक गुणकासमोर तो कशासाठी राखला आहे ते लिहावं लागतं: जॉबच्या वजनातला फरक, व्होल्टेज, घर्षण, जे असेल ते. वर जाताना आणि खाली येताना वेगळे आकडे. त्या रकान्यात ‘अनुभव’ असं लिहिलेलं चालत नाही. नियम तिने केला. त्याखाली सही माझी आहे.